बिनस्प्रिंगचं यंत्र

डॉ. वत्सला पांढरीपांडे आमच्या घरी बसायला म्हणून कधी आल्याच नाहीत. यायच्या, उभ्या राहायच्या आणि जायच्या. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून बोलायच्या. बोलता बोलता पर्समधून काळा दोरा काढून खुर्चीच्या दांडीवर गाठी मारत राहायच्या. एका हाताने. ऑपरेशनच्या टेबलावर मारायच्या गाठींचा तो सराव होता. त्या गेल्या की मी कात्री घेऊन गाठी कापत बसायची. बापूनगरातल्या त्या घरात आमच्याकडे बिनगाठीची खुर्ची पाहुण्यांसाठी राखून ठेवावी लागे.

माझ्या यजमानांची बँकेची बदली जयपूरला झाली, मला मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायची नोकरी मिळाली आणि शेजारच्या घरात या बाई निघाल्या. मूळच्या नागपूरच्या. बायकांच्या हॉस्पिटलात सर्जन. लग्न केलेलं नव्हतं आणि का नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. जयपूरच्या लोकांना 'पांढरीपांडे' झेपत नसे, ते 'पाण्डेजी' म्हणत. कोणी मोठ्या आदराने विचारायचं, "आप कहाँ के पाण्डे हैं?" त्यावर बाई म्हणायच्या, "ऑपरेशन थिएटर के," आणि पुढे चालू लागायच्या.

वयाने त्या माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मला पहिल्या दिवसापासून 'सुधा, तू'. जेवणही उभ्याने करायच्या. कोणी लांबण लावून सांगायला लागलं की "पुढे?" म्हणायच्या. एकदा कॉलनीतल्या एका बारशाला पाळणा चालू असताना दोन कडव्यांच्या मधे त्यांनी "पुढे?" म्हटलं होतं. गाणाऱ्या बायका थेट शेवटच्या कडव्यावर गेल्या.

अशा बाईने घरात एक असं यंत्र आणून ठेवलं होतं, ज्याच्यापुढे अर्धा तास थांबावं लागे.

परीक्षेसाठी त्या विलायतेला गेल्या होत्या. तिथे एका इटालियन माणसाच्या दुकानात त्यांना ही कॉफी भेटली आणि परत येताना त्यांनी कपडे, भांडी, लोकर काही आणलं नाही. कॉफीचं यंत्र आणलं. बोटीवर मांडीवर घेऊन. पितळी टाकी, तिच्यावर चकचकीत मुलामा, पुढे कॉफीची पूड ठेवायची मूठवाली वाटी आणि वर हातभर लांबीचा दांडा. ते निवडल्याची गोष्ट त्या दर नव्या माणसाला सांगत.

"दुकानदार म्हणे, मॅडम, स्प्रिंगवालं घ्या. दांडा खाली ओढा न् सोडून द्या. स्प्रिंग आपली आपण पाणी दाबते. रोज एकसारखी कॉफी. मी म्हटलं, अन् बिघडली तर? म्हणे, स्प्रिंग बदला. मी म्हटलं, मग मी कशाला पाहिजे तिथं?"

दुकानदाराला त्यांनी दुकानातल्या तिन्ही नमुन्यांवर कॉफी करून दाखवायला लावली. मग स्वतः केली. तासभर. शेवटी त्याने हात टेकले आणि त्या बिनस्प्रिंगचं यंत्र घेऊन निघाल्या. त्यात सगळा दाब हाताचा. "हाताला कळते ना," त्या म्हणायच्या. "पूड जाड असली तर दांडा लोण्यात जाते तसा जाते. बारीक असली तर अडून बसते. स्प्रिंगला काय कळते?"

मला विचाराल तर घरी रोज वापरायला स्प्रिंगचंच बरं. घाईच्या माणसाने तर तेच घ्यावं. पण त्यांचं यंत्र मी पुढे बरंच वापरलं आहे, म्हणून सांगते. टाकी काठोकाठ भरायची नाही. बटण लावून वाफेची शिट्टी सुरू होईपर्यंत थांबायचं आणि पहिली कोंडलेली हवा सोडून द्यायची. पूड दळायची ती आयत्या वेळी. वाटीत सपाट दाबायची, एका बाजूला कलती राहिली तर पाणी त्याच बाजूने पळतं. मग दांडा वर. पाणी पुडीवर उतरतं, तिला भिजू द्यायचं. आणि मग दांडा खाली, एका दमात, एकाच जोराने. धार मधासारखी यायला हवी आणि वर विटकरी साय. जोर कमी पडला की धार पातळ. मधेच जोर बदलला की कॉफी आंबट आणि कडू दोन्ही, एकाच कपात.

कॉफीच्या बिया दक्षिणेतून पार्सलने यायच्या, कच्च्या. बाई त्या मागच्या ओट्यावर लोखंडी कढईत भाजायच्या. कॉलनीत पहिल्या वेळी कोणीतरी पाण्याची बादली घेऊन धावत आलं होतं.

गणेशोत्सव झाल्यावर मराठी मंडळींची कमिटी हिशेब मिटवायला त्यांच्याकडे जमली, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. बाईंनी सगळ्यांना कॉफी देते म्हटलं. विमा कंपनीतल्या साहेबांच्या पत्नी गोडबोलेबाई पहिल्या मानाच्या. त्यांच्या हातात अंगठ्याएवढा कप आला. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"ही चव बघायला का? कॉफी मागनं येतीय?"

"हीच कॉफी. प्या, निवते."

"अहो, पण एवढीशी?"

"गोडबोलेबाई, इंजेक्शन केवढं असते?"

तीन-चार कप झाले आणि बाईंनी बटण बंद केलं. या यंत्राचा तो दोष आहे, लागोपाठ वापरलं की तापतं आणि कॉफी करपते. "मशीन तापलं," त्यांनी जाहीर केलं. "उरलेल्यांनी चहा घ्यावा. सुधाकडे." आणि निम्मी कमिटी भिंतीपलीकडे माझ्या स्वयंपाकघरात पाठवून दिली. मला न विचारता.

हॉस्पिटलात त्यांचं नाव होतं ते एका विशिष्ट ऑपरेशनसाठी. खेड्यात कोवळ्या वयाच्या पोरी बाळंतपणात अडतात. दोन-दोन दिवस कळा देतात, मूल बहुधा मेलेलंच निघतं आणि आत मूत्राशयाला भोक पडतं. मग लघवी आपोआप गळत राहते, जन्मभर. वास येतो. नवरा घराबाहेर काढतो, आई गोठ्यात झोपवते. अशा पोरी उंटगाडीतून, मालाच्या ट्रकमधून त्यांच्याकडे यायच्या. ते भोक शिवणं म्हणजे ओला टिश्यू पेपर शिवण्यासारखं काम, खोल जागेत, बोटांच्या टोकांनी. पहिल्यांदा साधलं तर साधलं. दुसऱ्या वेळी आशा कमी. तिसरी वेळ नसते. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, भिंतीपाशी उभ्या राहून, दोऱ्याला गाठी मारत. त्यांच्या युनिटच्या प्रमुख बाई त्या वर्षअखेर निवृत्त होणार होत्या आणि ती जागा वत्सलाबाईंची, हे सगळे धरून चालले होते. त्या स्वतःही.

त्या पावसाळ्यानंतर त्यांची कॉफी बिघडायला लागली.

आधी त्या बियांवर चिडल्या. पार्सलवाल्याला खरमरीत लिहिलं, दुसरीकडून बिया मागवल्या. मग दळायच्या यंत्राचा स्क्रू आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. मग चामड्याचा वायसर बदलून घेतला. मग पाण्याची पाळी आली. जयपूरचं पाणी जड आहे हे खरंच आहे, माझ्याही किटलीत पांढरा थर धरायचा. बाई टांग्याने दुर्गापुऱ्याच्या एका गोड्या विहिरीपर्यंत जाऊन सुरईत पाणी आणायला लागल्या. मग विजेचा दाब कमी पडतो म्हणून सकाळी पाचला उठून कॉफी करू लागल्या. प्रत्येक बदलानंतर मला हाक यायची. "सुधा! चव बघ!" मी हातातलं काम टाकून जायची, चव बघायची आणि खरं ते सांगायची. कॉफी वाईट होती.

"मागच्यापेक्षा बरी?"

"नाही."

"तुला कळत नाही," त्या म्हणायच्या आणि कप मोरीत ओतायच्या.

त्याच सुमाराला केसर नावाची पोर परत आली. बस्सीच्या पुढच्या कुठल्यातरी गावची, सतरा-अठराची असेल. पावसाळ्यात बाईंनी तिचं ऑपरेशन केलं होतं. टाका सुटला होता. पोर हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात राहायची, कोणी न सांगता झाडायची, स्वतः बसलेली जागा पुन्हापुन्हा पुसायची. दिवाळी झाली की लगेच सोमवारी तिचं दुसरं ऑपरेशन ठरलं.

"दोराच सडका पाठवून राहिले आजकाल," बाई मला म्हणाल्या. "जुन्या दोऱ्याने कधी माझा टाका सुटला नाही."

पण माझ्या खुर्च्यांवरच्या गाठी आता डाव्या बाजूला असायच्या आणि ढिल्या असायच्या. कात्री लागत नव्हती, नुसत्या ओढून निघत.

दिवाळीसाठी वाईहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, मनगटं मात्र गड्याची. घाण्याला बसल्या की दोन डबे चकल्या काढून मगच उठायच्या. त्या सकाळी शेजारून हाक आली. मी निघाले, तर सासूबाई चकल्यांचं ताट झाकून माझ्यामागे. "तुझ्या त्या डॉक्टरबाईंना तरी देऊ," म्हणाल्या.

बाईंनी ताटाकडे बघितलंही नाही. पदर खोचलेला, केस विस्कटलेले. "आज नवी पूड, गोडं पाणी, वायसर नवा. आता बघ." त्यांनी दांडा वर नेला, थांबल्या आणि खाली ओढायला लागल्या. धार आली, तुटली. पुन्हा आली. दांडा हिसका देऊन खाली आपटला. कपात कोमट चहाच्या रंगाचं पाणी.

"बघ! पूडच बाद आहे."

"पूड नव्हं," मागून सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही मधी थांबताय."

"कोण?"

"तुम्ही. दाबता दाबता हात सोडताय आणि परत धरताय. सोऱ्याला असं केलं की चकली तुटते."

"आजी, मी थांबत नाही."

"थांबताय. मला दिसतंय की."

"अस्सं. मग तुम्हीच दाखवा करून."

हे टोमण्याने म्हटलं होतं. सासूबाईंना टोमणा कळत नसे, निदान कळला असं दाखवत नसत. त्यांनी हात धुतले, पदर कमरेला खोचला आणि "कुठं धरू?" म्हणून विचारलं. बाईंनी त्याच डब्यातली पूड, त्याच वाटीत, तशीच सपाट करून लावली. दांडा वर केला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तो धरला आणि सोऱ्या दाबतात तसा छातीशी श्वास धरून खाली आणला. सावकाश, कुठेही न अडखळता. धार आली ती मधाची आली. वर विटकरी साय धरली.

खोलीत तो वास पसरला. कितीतरी आठवड्यांनी.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "मला नको हो, कडू जहर असेल. शिकाल तुम्हीपण. पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांचंच तुटतं."

बाईंनी कप उचलला, डाव्या हाताने. एक घोट घेतला. कप खाली ठेवला. आणि त्या खुर्चीवर बसल्या.

मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही घरी व्हा, घाणा जळेल." त्या गेल्या.

बाईंनी टेबलावरच्या वर्तमानपत्राची कड फाडून दोन पट्ट्या केल्या. एक डाव्या हाताच्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली. "ओढ." मी ओढली. फाटली, पण सुटली नाही. दुसरी उजव्या हातात. "ओढ." मी हात लावला आणि पट्टी माझ्या हातात आली. "परत." परत आली.

"मानेत नस दबली आहे," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे. हातापर्यंत निरोप पोचत नाही."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पावसाळ्यापासून मुंग्या येऊन राहिल्या."

"मग पाणी कशाला बदलत होता?"

"पाणी बदलता येते म्हणून," त्या म्हणाल्या.

मी त्या कागदाच्या चिंध्या गोळा केल्या. रडणं-बिडणं त्यांचंही नव्हतं, माझंही नाही. प्रश्न सोमवारचा होता आणि तो मी विचारला. "केसरचं काय?"

"मीच करणार. हे दुसरं आहे. सोपं नाही."

"आणि परत सुटला तर?"

त्या उठल्या. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, यंत्राचं बटण बंद केलं, चालू केलं, बंद केलं. "मी नाही केलं तर डिसेंबरात प्रमुख कोण करेल मला? ऑपरेशन न करणारी सर्जन?" मी चिंध्या केराच्या टोपलीत टाकल्या. "सक्सेनाचा हात चांगला आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. सक्सेना म्हणजे त्यांची ज्युनिअर, बाईंच्या ओरडण्याने थिएटरात गोंधळून जाणारी. "पण फार हळू करते. एक टाका घालते न् दहादा बघते."

"केसरला कुठे जायची घाई आहे?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता मला घराबाहेर काढतील असं वाटलं. पण त्यांनी सासूबाईंनी केलेली ती कॉफी, गार झालेली, शेवटपर्यंत प्यायली, चपला घातल्या आणि सुटीचा दिवस असून हॉस्पिटलात गेल्या. चकल्यांचं ताट तिथेच राहिलं. ते मी परत आणलं.

पुढचं मला डॉ. सक्सेनाने सांगितलं. बाईंनी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या घरी जाऊन उभ्या उभ्या सांगितलं की आजपासून आपण चाकूला हात लावणार नाही, कारण हे असं आहे. कोणाला काही दिसलेलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. सोमवारी त्या सक्सेनाच्या मागे उभ्या राहिल्या. "मैडम ने एक बार भी हाथ नहीं लगाया," सक्सेना मला म्हणाली. "पर बोलीं इतना, इतना कि टाँके मैंने लगाए और पसीना उनको आया. बीच में तो मैंने कह ही दिया, मैडम, प्लीज़, दो मिनट चुप." आणि बाई गप्प बसल्या. सक्सेनाला त्याचंच जास्त भय वाटलं म्हणे.

केसर कोरडी घरी गेली.

प्रमुखाची जागा बाहेरून आलेल्या एका बाईंना मिळाली. वत्सलाबाईंनी मुंबईला जाऊन मान दाखवली, वजनं लावून ताणून घेतली, फारसा उपयोग झाला नाही. त्यांना कागदपत्रांचं काम दिलं गेलं आणि त्या टेबलापाशी त्या किती टिकणार हे कोणीही सांगू शकलं असतं. संध्याकाळी कंपाउंडला फेऱ्या मारायच्या. एक दिवस भिंतीवरून म्हणाल्या, "सुधा, फाटलेलं शिवत बसलो आपण इतकी वर्षं. फाटते कुठे, तिथं कोणी बघत नाही." सुईणींना शिकवायची एक योजना निघत होती, खेड्यात जाऊन राहायची. कोणी डॉक्टर तयार नव्हता. त्यांनी नाव दिलं.

जाताना यंत्र आधी सासूबाईंसाठी देऊ केलं. सासूबाईंनी वाईहून कळवलं की ह्यात चकली पडत नाही, मी काय करू? मग ते माझ्याकडे आलं. त्यांच्या नव्या मुक्कामी वीजच नव्हती. सोबत पुड्यात दोन वायसर होते आणि तोंडी सूचना एकच, "तापवू नको."

दोन-अडीच वर्षांनी मी कॉलेजच्या मुलींना घेऊन खेड्यांच्या पाहणीला निघाले होते. बस बस्सीला थांबली. ड्रायव्हर पाणी भरायला उतरला आणि मला रस्त्याच्या कडेला, निंबाखाली, घागरे पसरून बसलेल्या दहा-पंधरा बायका दिसल्या. मधे उभी बाई कोण हे पाठीवरूनच कळलं. मी उतरून गेले.

मोटारीच्या ट्यूबचा तुकडा दोघींनी ताणून धरला होता आणि एक म्हातारी सुईण त्यातून चिंध्यांची बाहुली बाहेर काढत होती. बाई हिंदीत ओरडत होत्या, नागपुरी हिंदीत. "खींच मत! खींचती काहे को है? बच्चा है, बाल्टी नहीं है! रुक. उसको आने दे. रुकना नहीं आता तेरे को?"

म्हातारीने मान वर केली. "थे तो खुद कोनी रुको, डाक्टरणी जी!"

बाई स्वतः तरी कुठे थांबतात, हे ऐकून सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाईही हसल्या. मला पाहून त्यांनी मान हलवली, "आलीस? हं," आणि परत तिकडे वळल्या. म्हातारीने पुन्हा सुरुवात केली. बाहुलीचं डोकं दिसायला लागलं. ती परत घाई करणार असं दिसलं तसा बाईंचा उजवा हात झटकन पुढे गेला.

मागे बसचा भोंगा वाजला. "तू इथंच का?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बस सुटून राहिली ना! पळ."

मी पळाले. खिडकीशी जागा मिळाली. धुळीतून बघितलं तर म्हातारीचे हात आता सावकाश चालले होते आणि बाईंचा हात त्यांच्यावर वीतभर अंतरावर हवेत होता. खाली येत नव्हता, मागेही जात नव्हता. बस वळेपर्यंत तो तसाच होता.